नाकेदार

रामबागेतल्या वाचनालयाचा वरचा हॉल,
खुर्च्या मंडपवाल्याकडच्या,
पडदा म्हणजे पांढरी चादर, इस्त्री न केलेली,
त्यामुळे त्या परक्या मुलखातल्या नदीला
मधोमध एक घडी.

त्र्यंबककाकांना आता दिसत नाही.
काचबिंदूनं आधी कडा खाल्ल्या, मग मधलं.
"तू वाच, मी ऐकतो," म्हणाले,
म्हणून मी खाली उमटणाऱ्या ओळी
त्यांच्या कानात मराठी करत बसले.

"स्टेशन आहे. बर्फ. एक जाडा कारकून, शिक्के मारणारा.
सगळं गाव त्याला लाचखाऊ म्हणतं."
"पुढं?"
"एक बाई, दोन मुलं. ज्यू आहेत. पळून चाललेत.
कागद खोटे आहेत. त्याला कळलंय."
"कळणारच. खोटा कागद जास्त स्वच्छ असतो."

पुढच्या रांगेतून कुणीतरी मान वळवली.
मी आवाज आणखी उतरवला.

"तो तिच्या अंगठीकडे बोट दाखवतोय."
"काढली?"
"निघत नाहीये. थुंकी लावून ओढतेय."
"शिक्का?"
"मारला."
काकांची मूठ मांडीवर हलकेच आपटली,
सागाच्या ओंडक्यावर खात्याचा हातोडा मारावा तशी.
एकतीस वर्षं त्यांनी तेवढंच केलं होतं.

आमच्याकडे काकांची गोष्ट ठरलेली आहे.
चौऱ्याऐंशीचा नोव्हेंबर, सिमरोलचा जंगलनाका,
मागे इंदूरच्या अंगाला धूर,
आणि एकच दिवा लावून आलेला ट्रक.
करनैलसिंग.
जप्तीच्या लाकडांमागे काकांनी त्याला तीन रात्री ठेवला,
गोदामाच्या दाराला लाखेचं सील लावलं,
आणि लाठ्या घेऊन आलेल्या पोरांना म्हणाले,
"भिया, सील तोडायचं तर आधी अर्ज द्या. दोन प्रतींत."
हे वाक्य आमच्यात प्रत्येक बारशाला निघतं.
लोक हसतात. सुमनकाकू आत जातात.
त्या आत का जातात, हे मी कधी विचारलं नव्हतं.

सिनेमातल्या कारकुनाला शेवटी कुणी हार घातला नाही.
गाडी गेली. त्यानं खण उघडला,
अंगठ्या मोजल्या, एक सोनाराकडे नेली,
आणि खानावळीत बसून सावकाश जेवला.
कागदी पेल्यातला चहा पिताना एक गृहस्थ म्हणाले,
"म्हणजे यानं खाल्लेच की पैसे. मग कसला तारणहार?"
कुणी म्हणालं, "माणसं तर वाचली."
मग पंखे बंद झाले.

जिन्यात काकांनी माझं कोपर धरलं.
"पहिल्या रात्री पाचशे," ते म्हणाले.
"करनैलनं दिले?"
"मी मागितले."
दोन पायऱ्या.
"दुसऱ्या रात्री घड्याळ.
बंडूच्या मुंजीत दिलं ते. बारावीपर्यंत वापरलं त्यानं."
वळणावर ते थांबले, पायानं कठडा चाचपला.
"तिसऱ्या रात्री त्यानं कड्याला हात घातला.
मी म्हटलं, राहू दे."

मला काय म्हणायचं होतं ते
मला अजून सापडलेलं नाही.
खाली रस्त्यावर ऑटोवाला
अंधळ्या माणसाकडे बघून वीस रुपये जास्त सांगत होता,
आणि काका, ज्यांनी आयुष्यात कधी घासाघीस सोडली नाही,
निमूट बसले.

कृष्णपुऱ्याच्या पुलावर म्हणाले,
"त्या बाईचं बोट नंतर दाखवलं का?"
"नाही."
"दाखवायला हवं होतं.
करनैलचा हात काळा, स्टिअरिंगवर उन्हात भाजलेला.
आणि मनगटावर एवढा
गोरा पट्टा.
निरोप घेताना त्यानं तोच हात वर केला."